डब्यातले चार आवाज

माझे केस तेव्हा कमरेखाली यायचे आणि मला त्यांचा भारी तोरा होता. त्यातली बोटाएवढी एक बट वैद्यकीय संशोधनाच्या कामी आली, असं मी सांगितलं की घरातल्या सुना अजून तोंडाला पदर लावतात. लावू देत. त्या बटेची गोष्ट हसण्यासारखीच आहे, पण सगळी नाही.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातलं हे. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. पार सिरोंच्यापर्यंत सगळा चांदाच. मी चांद्याची, तेवीस वर्षांची, नर्सिंग शिकून नुकतीच परतलेली. आई झाडीपट्टीतली असल्यामुळे तिकडची बोली घरातच होती आणि गोंडी कामापुरती समजायची. एवढ्या भांडवलावर नागपूरहून आलेल्या डॉक्टरांच्या एका तुकडीत माझी वर्णी लागली. जंगलात राबणाऱ्या माणसांच्या छातीच्या आजारांची त्यांना पाहणी करायची होती. पण त्याआधी त्यांना आणखी एक गोष्ट करायची होती, आणि ती ऐकून मला वाटलं होतं की या शिकलेल्या माणसांना कामं नाहीत.

तुकडीत तीन डॉक्टर होते. एक मोठे डॉक्टर, पन्नाशीचे, किडकिडीत, बोलताना मान जराशी कलती करणारे. त्यांच्या हाताखाली दोन तरुण: एक पुण्याचे, शुद्ध बोलणारे, दुसरे अकोल्याकडचे, मोठ्यानं हसणारे आणि त्याहून मोठ्यानं भांडणारे. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की एकच छाती दोन डॉक्टरांनी ऐकली तर दोघांनी एकच लिहिलं पाहिजे. नाहीतर शंभर गावं फिरून जमवलेले कागद चुलीत घालायच्या लायकीचे.

मी म्हटलं, डॉक्टर आहेत तर एकच लिहितील की. त्यांनी मान कलती केली आणि म्हणाले, ‘‘बघू या.’’

त्यांनी सोबत आवाज धरून ठेवायचं एक यंत्र आणलं होतं. पत्र्याच्या ट्रंकेएवढं, दोघांनी उचलायचं, वर फिती गुंडाळलेल्या दोन फिरक्या. चांद्याला वीज होती, म्हणून तिथल्या दवाखान्यात त्यांनी दहा माणसांच्या छातीचे आवाज त्या फितीवर उतरवले. मग दोन्ही तरुण डॉक्टरांना दोन कोपऱ्यांत पाठमोरं बसवलं, फीत लावली आणि ऐकू आलं ते लिहायला सांगितलं. कागद जुळवायचं काम माझं. पहिल्याच छातीला पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं ‘सूक्ष्म ध्वनी, कोरडे’ आणि अकोल्याच्यांनी लिहिलं होतं ‘जाड खुरखुर, ओली’. दहापैकी जेमतेम तीन छात्या जुळल्या. दोघं कडाडून भांडले. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी न सांगता तीच फीत पुन्हा लावली, तर अकोल्याचे डॉक्टर स्वतःशीच जुळेनात. माणूस इतका खजील झाला की त्या दिवशी भांडायचंच विसरला.

यंत्र जंगलात न्यायचा एक प्रयत्न झाला. वीज नाही म्हणून गाडीच्या मागं इंजिन बांधून नेलं. त्या इंजिनाचा आवाज फितीवर असा काही उतरला की खाली माणूस श्वास घेतोय की गिरणी चालली आहे कळेना. शिवाय एका म्हाताऱ्याच्या छातीत चक्क कोंबडा आरवला. यंत्र परत चांद्याला गेलं. मग मोठे डॉक्टर म्हणाले, ‘‘यंत्र नाही तर नाही. आता कानच सारखे करायचे.’’

कान सारखे करायला त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात चार आवाज ठेवले. ओला, जाड बुडबुडता आवाज म्हणजे काय हे ठरवायला पपईच्या पानाचा पोकळ देठ आणि पाण्याची बाटली. देठातून पाण्यात फुंकायचं. शीळ म्हणजे काय हे ठरवायला बांबूचं बारीक पेर. छातीच्या आत घासल्यासारखी करकर होते तिच्यासाठी कोऱ्या चामड्याचा तुकडा, दुमडून कानाशी धरायचा. राहिली ती बारीक चरचर. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला, गळपट्टीच्या हाडापाशी ही ऐकू आली की क्षयाचा संशय घ्यायचा, म्हणून तीच सगळ्यांत महत्त्वाची. तिच्यासाठी कोरडे केस लागतात. कानाजवळ धरून दोन बोटांत चोळले की तो आवाज येतो.

तिन्ही डॉक्टरांनी माझ्या वेणीकडे पाहिलं. अकोल्याच्या डॉक्टरांना तर बऱ्यापैकी टक्कल पडायला लागलं होतं, त्यामुळे त्यांचा काही उपयोगच नव्हता.

मी बट कापून दिली. मोठ्या डॉक्टरांनी ती कानाशी चोळली आणि तोंड वाकडं केलं. ‘‘तेल लावता?’’ लावत होते, चांगलं चपचपीत. त्यांनी ती माझ्या कानाशी चोळून दाखवली. कोरडी चरचर नव्हतीच ती. बोटं केसांना चिकटत होती आणि सुटत होती, चिकटत होती आणि सुटत होती. ‘‘हा आवाज आपल्या कामाचा नाही,’’ ते म्हणाले. मग रिठ्यानं डोकं धुऊन, उन्हात वाळवून मी दुसरी बट दिली. ते घरी कळलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. लग्नाआधी मुलीचे केस दवाखान्यात दिले, हे ती पुढं कित्येक वर्षं कुणाकुणाला सांगत होती.

डबा झाला, मग नियम झाले. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दोघांनी चारही आवाज ऐकायचे. छातीवरच्या ठरलेल्या जागांवरच स्टेथोस्कोपची नळी ठेवायची. आधी रोग्याला खोकायला लावायचं, मग ऐकायचं. एकमेकांचा कागद बघायचा नाही. डब्यातल्या चार आवाजांची चारच नावं, पाचवं नाव लिहायचं नाही. लिहिणारीनं, म्हणजे मी, नळी कानाला लावायची नाही, म्हणजे माझं मत कागदात शिरणार नाही. आणि शेवटचा नियम मोठ्या डॉक्टरांचा लाडका: चुकीचं लिहिलं गेलं तर खोडायचं नाही. खाली खरं लिहायचं आणि सही करायची.

‘‘खोडलेल्या कागदाला तोंड नसतं,’’ ते म्हणायचे. मला वाटायचं, किती हा काटेकोरपणा!

पण गंमत म्हणजे कान खरंच जुळू लागले. अहेरीच्या पुढं आम्ही गावामागून गावं करत गेलो आणि संध्याकाळी मी कागद जुळवायला बसले की दहातल्या आठ-नऊ छात्या जुळायच्या. दोघा डॉक्टरांचं भांडण नाहीसं झालं, आणि खरं सांगते, मला जरा चुकल्यासारखं वाटायला लागलं.

गावातल्या लोकांना त्या डब्याचं फार अप्रूप होतं. सकाळी दोन शिकलेले लोक मांडी घालून बसतात, डबा उघडतात, डोळे मिटून केस कानाशी नेतात, चामडं कानाशी नेतात, पाण्यात फुंकतात, शीळ घालतात आणि मगच कामाला हात लावतात. ही पूजा नाही तर काय? एका गावचा पुजारी तर रोज येऊन शेजारी अदबीनं बसायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं मला हळूच विचारलं, ‘‘केस कोनाचे हाये जी?’’ मी म्हटलं, माझे. त्यानंतर तो माझ्याशी बोलताना दोन पावलं लांब उभा राहू लागला.

ज्या गावातली ही गोष्ट आहे ते त्याच भागात, नदीच्या अलीकडे होतं. पंचवीस-तीस घरं, सगळी गोंडांची. गावाच्या टोकाला एका खोलीची शाळा होती, तिच्या पडवीत आमचा मुक्काम. शाळेपासून हाकेच्या अंतरावर एका मोहाच्या झाडाखाली लहानशी झोपडी होती. तिला कुर्मा म्हणतात. पाळीच्या दिवसांत बायका घर सोडून तिथं राहतात. पुरुषानं तिकडे फिरकायचं नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला एक बाई आली. विशीतली असेल, कपाळावर गोंदण, मांडीवर चार महिन्यांची मुलगी. सोबत सासू. थंडी मी म्हणत होती. पळसाच्या पानांवरचं दव अजून गेलं नव्हतं. मुलीला आईच्या मांडीवरून उचललं मात्र, तिनं आकाशपाताळ एक केलं. मोठे डॉक्टर म्हणाले, ‘‘या आवाजात ऐकू काय येणार? जरा लांब न्या.’’ मी तिला नदीच्या उतारापर्यंत नेलं, झुलवलं, गाणं म्हटलं. तिथूनही तिचा आवाज पडवीत पोचत होता. शेवटी मागून आलेल्या सासूनं तिच्या तोंडात बोट दिलं आणि तेवढ्या दमात दोघा डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

संध्याकाळी मी कागद जुळवले. दोन्हींवर एकच होतं. उजवीकडे वर, गळपट्टीच्या हाडाखाली, बारीक चरचर. डावीकडेही. खोकल्यानंतरही तशीच. दोन जणांनी, दोन जागी, एकसारखं लिहिलं म्हणजे नियमानं क्षयाचा संशय पक्का. छातीचं चित्र काढायला नागपूरला न्यायचं, आणि पुढची गाडी बारा दिवसांनी.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी लावून पाहिले. मग म्हणाले, ‘‘तोवर बाईला वेगळं ठेवावं लागेल. आणि बाळ तिच्याजवळ ठेवता येणार नाही. अंगावरचं बंद. शेळीचं दूध उकळून चमच्यानं पाजा.’’

मी म्हटलं, ‘‘तिला खोकला नाही, ताप नाही. थुंकी तपासायची तर थुंकीही नाही.’’

‘‘मला दिसतंय,’’ ते म्हणाले. ‘‘पण तान्ह्या मुलाला हा रोग लागला तर आपण काही करू शकणार नाही.’’

त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. मी तणतणत सासूच्या घरी गेले आणि सांगितलं. सून आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘मले का झालं नरसबाई? मले तं खोकलाई नाई.’’ मग सासू बोलत सुटली. ‘‘हिचं आंधीचं लेकरू असंच गेलं जी. हिले ताप आला, दूध आटलं. बकरीचं दूध पाजलं त्याले. हगवन लागली, आठ दिस नाई टिकलं. आता तुमी मनता या पोरीलेई बकरीचं पाजा?’’

मी हे परत येऊन मोठ्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, पण हुकूम बदलला नाही. त्यानंतर तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चहा दिला तर आपटून दिला.

वेगळं ठेवायचं कुठं, याचं उत्तर गावानंच दिलं. कुर्मा रिकामाच होता. पुण्याचे डॉक्टर खूश झाले. म्हणाले, बघा, या लोकांकडे विलगीकरणाची सोय आधीपासून आहे. पण तिथं पुरुषानं जायचं नाही, म्हणून रोज जाऊन बघायचं आणि नोंद करायची हे काम माझ्या गळ्यात पडलं. नोंदीचा मजकूर पुण्याच्या डॉक्टरांनीच ठरवून दिला: ‘बाळ वेगळे ठेवले आहे.’

पहिल्या दिवशी दुपारी मी कुर्म्यात वाकून आत गेले. बाई भिंतीला टेकून बसली होती आणि मुलगी तिच्या अंगावर पीत होती. गुटगुटीत हात आईच्या माळांत अडकवून, डोळे मिटून, मजेत.

मी बाहेर येऊन सासूवर भडकले. ती झोपडीपासून दहा पावलांवर चुलीवर पाणी तापवत बसली होती. तिला माझा राग कळेचना. ‘‘कुर्म्यात माय गेली तं पेतं लेकरू संगंच जाते. आजपावतर असंच हाये. लेकरू कुठी ठेवाचं मंग?’’ तिनं काही लपवलं नव्हतं. आम्ही वेगळी झोपडी मागितली आणि त्यांनी दिली. कुर्म्यात जाणं म्हणजे गावापासून वेगळं होणं. आईपासून लेकरू वेगळं होणं हा त्यात अर्थच नव्हता, कुणाच्या डोक्यात यायचा तरी कसा? आमच्या तीन शहाण्या डॉक्टरांच्या डोक्यात नव्हतं आलं, आणि इथलीच म्हणवणाऱ्या माझ्याही नाही.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. मुलीला उचलून सासूच्या हातात द्यायचं. मी हात पुढं केलासुद्धा. बाईनं मुलीला घट्ट धरलं नाही की काही नाही. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं आणि मुलीचं तोंड अंगावरून सोडवायला लागली. तिनं विरोध केला असता तर मी उचलली असती कदाचित. मी म्हटलं, ‘‘राहू दे.’’

पडवीत येऊन मी वहीत लिहिलं: ‘बाळ वेगळे ठेवले आहे.’ खाली सही केली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

हे तीन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नियमाप्रमाणे वागले तर मुलगी हगवणीनं जाणार, आणि नाही वागले तर क्षयानं, आणि तो मीच सही करून दिलेला. पुण्याचे डॉक्टर वही बघून म्हणाले, ‘‘छान, व्यवस्थित नोंद आहे.’’ मला त्यांच्या डोक्यात शाईची दौत घालावीशी वाटली. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी दोघं तरुण डॉक्टर नदीवर आंघोळीला गेले. अकोल्याच्या डॉक्टरांची नळी खुंटीवर लटकत होती. लिहिणारीनं ऐकायचं नाही हा नियम होता, पण खरं लिहायचा नियम मी खोटी नोंद करून केव्हाच पायदळी तुडवलेला होता. आता एक गेला तर दुसरा कशाला राखायचा? मी नळी पदराखाली घेतली आणि कुर्म्याकडे गेले.

बाई उठून बसली. मी गळपट्टीच्या हाडाखाली, ठरलेल्या जागी नळी ठेवली आणि म्हटलं, श्वास घे. तिनं घेतला. आवाज आला. खरंच होता आवाज. मनात आशा धरून आले होते की दोघांनाही भास झाला असेल. पुन्हा घ्यायला लावला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र मला वाटलं, हा मी ऐकलेला आहे. डब्यातला नव्हे. डब्यातली चरचर कोरडी, सुटी सुटी. हा चिकटत होता आणि सुटत होता.

माझी पहिली बट! तेल लावलेली, मोठ्या डॉक्टरांनी टाकून दिलेली.

मी नळी काढली आणि तिच्या छातीवर बोट फिरवलं. बोटाला पांढरट, घट्ट, तुपासारखा थर लागला. मी बाहेर सासूकडे बघून ओरडले, ‘‘हे का हाये?’’

‘‘टोळीचं तेल जी,’’ ती म्हणाली. ‘‘बाळंतीन हाये ना. छातीले, पाठीले लावतो रोज. दूध चांगलं येते.’’

मोहाच्या बियांना तिकडे टोळी म्हणतात. तिचं तेल उन्हाळ्यात पातळ असतं आणि थंडीत गोठतं. बाळंतिणीला सहा-सहा महिने ते थापून लावतात. श्वासाबरोबर छाती हलली की नळीखाली ते चिकटायचं आणि सुटायचं. गावात दुसरी बाळंतीण नव्हती, म्हणून हा आवाज दुसऱ्या कुणाच्या छातीत इतका ऐकू आला नव्हता. दोघा डॉक्टरांनी तो प्रामाणिकपणे ऐकला, डब्यातल्या चारांपैकी सगळ्यांत जवळचं नाव दिलं आणि दोघांचं जुळलं. आम्ही कान इतके सारखे केले होते की चूकसुद्धा दोघांनी सारखीच केली.

सासूच्या चुलीवरचं पाणी घेतलं, माझ्याच पदराचं टोक बुडवलं आणि बाईची छाती, खांदे, पाठ खसाखसा पुसून काढली. ती शहारत होती आणि हसतही होती, गुदगुल्या झाल्यासारखी. पुसून कोरडं केलं आणि पुन्हा नळी ठेवली. उजवीकडे, डावीकडे, पाठीवर. श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता. बाकी काही नाही. मी तिथंच मातीत बसले आणि रडले. सासूला वाटलं सून जाणार. तिनंही हंबरडा फोडला. तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

मग मी तडक मोठ्या डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिले. नळी हातातच होती, लपवायचं सुचलंच नाही. तेलाचं सांगितलं, बटेचं सांगितलं. ते ऐकत राहिले, मान कलती करून. मग उठले. बाईला कुर्म्यातून शाळेच्या पडवीत बोलावलं, दोघा तरुण डॉक्टरांना नदीवरून ओल्या डोक्यानं बोलावलं. त्यांनी ऐकलं. दोन कोपऱ्यांत जाऊन लिहिलं. मी कागद जुळवले. दोन्हींवर लिहिलं होतं, काही नाही.

त्याच दुपारी नियमांच्या यादीत सगळ्यांत वर एक नियम चढला: छाती कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी, मगच नळी ठेवावी. इतर गावांतले जुने कागद मोठ्या डॉक्टरांनी वेगळे काढले, बाळंतिणींचे सगळे पुन्हा तपासायला लावले. अकोल्याचे डॉक्टर सासूला म्हणाले, ‘‘बुढे, तुह्या तेलानं आमाले पार बुडोलं.’’ ती म्हणाली, ‘‘तुमीनं इचारलं काऊन नाई?’’

सगळं आनंदात चाललं होतं. पण ती वही पडवीत पडलेली होती. तीन दिवसांच्या तीन नोंदी, तिन्हींखाली माझी सही. आता त्या नोंदींनी कुणाचं नुकसान होणार नव्हतं. मी गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण ज्या माणसानं दोन माणसांचे कान जुळावेत म्हणून जिवाचं रान केलं, त्याच्या कागदांत माझ्या हातचं खोटं राहणार, हे मला सहन होईना.

संध्याकाळी ते एकटेच वही चाळत बसले होते. मी म्हटलं, ‘‘त्या तीन नोंदी खोट्या आहेत. बाळ एक दिवसही वेगळं नव्हतं. मी बघितलं आणि तरी लिहिलं.’’ मला वाटलं ते मला परत चांद्याला पाठवतील. ते रागावलेसुद्धा नाहीत.

‘‘खोडू नका,’’ ते म्हणाले. ‘‘खाली खरं लिहा आणि सही करा.’’

मी लिहिलं: ‘वरील तिन्ही नोंदी खोट्या आहेत. बाळ आईपाशीच होते. मला माहीत होते.’ सही केली.

त्यांनी वही आपल्याकडे वळवून घेतली. टाक दौतीत बुडवला आणि थांबले. कुर्म्याकडून सासूची हाक ऐकू आली. सुनेला घरी न्यायला आली असावी. ते तिकडे बघत म्हणाले, ‘‘त्या दिवशी पाच मिनिटं आईपासून दूर नेली तर नदीवरून तिचा आवाज इथं येत होता. ही झोपडी तर समोर आहे. तीन दिवस, तीन रात्री मी या पडवीत आहे. एकदाही ती पोरगी रडलेली मी ऐकली नाही.’’

मी म्हटलं, ‘‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’’

‘‘कसं बोलू? बोललो असतो तर तिला काढून घ्यावं लागलं असतं,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही लिहीत होता, म्हणून मला न बोलता राहता आलं.’’

आणि माझ्या सहीखाली त्यांनी आपल्या बारीक अक्षरांत लिहिलं, ‘मलाही माहीत होते,’ आणि सही केली.